लाल अक्षरं आणि ह्यांचं बोट

ह्यांना झटका आला तेव्हापासून मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. ह्यांना कळतं का? उजवा हात आणि पाय गेला, वाचा गेली, ते तर दिसतच होतं. पाणी मागायला गेले की तोंडून "पातेलं, ते बस, बस ते" असं भलतंच बाहेर पडायचं. पण आत किती शिल्लक आहे, ते कोणी सांगेना. नगरच्या डॉक्टरांनीही हात वर केले. "आत्ताच काही सांगता येत नाही, ताई."

कोपरगावात आमच्याकडे येणारा-जाणारा प्रत्येक जण मात्र डॉक्टरांच्या वरताण. खुर्चीत बसलेल्या ह्यांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलायचे, "काही ओळखतात का हो?" माझी नणंद पलीकडच्या गावात असते, ती दर दोन-तीन दिवसांनी यायची आणि सख्ख्या भावाशी तान्ह्या बाळासारखं बोलायची. "दादा, आऽ कर बरं. शाना हाय माझा दादा." ज्या माणसाने उभा जन्म पोरांना इंजिनिअरिंगचं गणित शिकवलं, त्याला हे ऐकवायचं! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण वन्संना सांगणार काय? ह्यांना सगळं कळतं म्हणून सांगावं, तर मलाच कुठे माहीत होतं?

वाचेचे उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, त्यांच्या जिवाभावाचं काही समोर ठेवून बघा. आता ह्यांच्या जिवाभावाचं काय, हे मला कोणाला विचारायला नको होतं. मी नव्हेच. ह्यांनी कॉम्प्युटरवर लिहिलेला कालव्याचा प्रोग्राम. धरणातून आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं की पाणी किती झिरपतं, किती उन्हाने उडतं, वाटेत कोण किती ओढतं आणि शेवटच्या शेतात, म्हणजे आमच्याकडे ज्याला टेल म्हणतात तिथे, किती पोचतं, याचं गणित. ह्यांचं सगळं बालपण टेलच्या वावरात गेलेलं. निवृत्त झाल्यावर हे त्या प्रोग्रामशी जे बसले ते बसलेच. जेवायला हाक मारली की "आलो" म्हणायचे आणि तिकडे माझी भाकरी वाळून कडक.

त्यांचा जुना कॉम्प्युटर विजेच्या खेळखंडोब्यात जळून गेला होता. प्रोग्राम पेनड्राइव्हवर होता, तेवढं नशीब. मी नवा लॅपटॉप आणला. ह्यांची एक जुनी विद्यार्थिनी आता नगरला शिकवते, तिने फोनवरून सांगत सांगत, तो प्रोग्राम ज्यात चालतो ते गणिती सॉफ्टवेअर माझ्याकडून टाकून घेतलं. मी शाळेत मराठी शिकवणारी बाई. मला व्याकरण विचारा, पण इथे काय दाबायचं आणि काय नाही, माझी पाचावर धारण बसली होती. तरी झालं. ह्यांची खुर्ची टेबलाजवळ ओढली, प्रोग्राम उघडला, चालवा म्हणून बटण दाबलं.

लाल अक्षरं आली. कंपायलर सापडला नाही म्हणे.

"काकू, सरांनी हिशेबाचा जड भाग वेगळ्या भाषेत लिहिलाय," विद्यार्थिनी म्हणाली. "तो मशिनला समजेल असा करून देणारा एक दुभाषी लागतो. तो कंपायलर. पाठवते मी, घाला."

घातला. पुन्हा लाल अक्षरं. काढला, पुन्हा घातला. लाल. लॅपटॉप बंद करून चालू केला. लाल! आता वेगळीच काहीतरी ओळ होती, अमुक जागी फाईल करता येत नाही म्हणून. ती बिचारी वर्गावर वर्ग घेऊन मधल्या सुट्टीत माझे फोन उचलायची आणि दर वेळी नवीन काहीतरी सुचवायची. मी दर वेळी ते करायचे, ओढ्यात पडलेल्या म्हशीसारखी धडपडत, आणि होती तिथेच. डोंबलाचा दुभाषी! शेवटी मी कपाळावर हात मारून घेतला आणि मोठ्याने रडले. घरी ऐकायला हेच होते, आणि ते ऐकतात की नाही तेच तर शोधून काढायचं होतं.

ह्या सगळ्यात ह्यांचं एक चालू होतं. मी शेजारी बसले की डावा हात उचलायचे आणि पडद्यावर वरच्या बाजूला बोट टेकवायचे. तिथे "श्री" लिहिलेलं होतं. ते मीच लिहिलं होतं. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला तेव्हा त्याने नाव विचारलं, आणि आपण नव्या वस्तूवर आधी काय लिहितो? वहीच्या पहिल्या पानावर, लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर जे लिहितो तेच मी मराठीत टाइप केलं. पूजाही केली होती, झाकणावर हळदकुंकू वाहून. आणि आता हे त्या "श्री"वर बोट ठेवून माझ्याकडे बघायचे आणि "पातेलं, पातेलं" म्हणायचे.

वन्संनी ते पाहिलं आणि त्यांचे डोळेच भरून आले. "आगं वहिनी, दादाला देव आठवला! लई बरं झालं बाई. अंगारा लाव."

माझे हे जन्मभर देवळाबाहेरच चपला सांभाळत उभे राहिलेले. तरी मला वाटलं, कोण जाणे, अशा दुखण्यात माणूस बदलतो. मी अंगारा आणला, ह्यांच्या कपाळाला लावला, लॅपटॉपपुढे उदबत्ती लावली. ह्यांनी डाव्या हाताने कपाळ पुसून टाकलं आणि उदबत्तीचं घर ढकलून दिलं. राख सगळी चादरीवर. वन्सं म्हणाल्या, "न्हाई कळत गं त्याला." मीही मग मनातून सोडूनच दिलं. आता झाडायला चादर होती आणि करायला स्वयंपाक होता.

वन्सं गेल्यावर लॅपटॉप बंद करायचा म्हणून त्याच्यापुढे बसले. लाल ओळ अजून तशीच होती. विद्यार्थिनीला पाठवायची म्हणून पहिल्यांदाच ती अक्षर न् अक्षर वाचली, मुलांच्या वहीतलं शुद्धलेखन तपासावं तशी. फाईल कुठे करता येत नाही, तो सगळा पत्ता त्या ओळीत होता. मधल्या एका जागी नुसती प्रश्नचिन्हं होती. माझं नाव जिथे असायला हवं, तिथे. फोन केला.

"काकू, तुम्ही लॅपटॉपला नाव काय दिलंय?"

"श्री."

"मराठीत?"

"मग काय इंग्रजीत? देवाचं नाव आहे ते!"

मग म्हणाली, "काकू, हा कंपायलर ती अक्षरं वाचू शकत नाही. तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये त्याला पाऊलच टाकता येत नाहीये. इंग्रजी नावाचं दुसरं खातं उघडा."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. कपाळाच्या कडेला अंगाऱ्याचा डाग राहिला होता. मला एकदम इतकं भरून आलं, आणि तितकीच भीती वाटली. नुसता योगायोग असेल तर? माणूस कुठेतरी बोट ठेवणारच की. मी स्वतःला बजावलं, उगाच आशा धरू नकोस.

नवीन खातं उघडलं. ए, बी, सी, बस. देव नाही, धर्म नाही. सॉफ्टवेअर, कंपायलर, पेनड्राइव्ह, सगळं पुन्हा पहिल्यापासून. बटण दाबलं. लाल काही आलं नाही. थोड्या वेळाने एक खिडकी उघडली आणि तिच्यात निळी रेघ उमटली. मी टाळ्याच वाजवल्या. "अहो, झालं! बघा, तुमचा कालवा चालला!"

हे रेघेकडे बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली. नाही. डावं बोट रेघेच्या पार शेवटी टेकवलं आणि पुन्हा नाही.

मी फोटो काढून पाठवला. नगरहून लगेच फोन आला. "काकू, रेघ शेवटी वर चाललीये. टेलला पाणी वाढतंय. असं कधी होतं का? झटका आला तेव्हा सर काहीतरी बदलत असणार, ते अर्धवट राहिलंय. पण तुम्हाला कसं कळलं?"

"मला नाही कळलं," मी म्हटलं.

फोन ठेवला. प्रोग्राम उघडून मी एकेका ओळीवर बोट ठेवत खाली जाऊ लागले. ही? मान नाही. ही? नाही. कितीतरी ओळी गेल्या. एका ओळीशी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. हीच. डोळे असे लखलखत होते, वर्गात शिकवताना असायचे तसे. मी म्हटलं, "सांगा. इथे काय हवंय? सांगा ना, मी लिहिते."

त्यांनी बोलायला तोंड उघडलं. ओठ हलले. मग थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि एक शब्दही न बोलता तोंड मिटून घेतलं. तोंडातून काय बाहेर पडणार हे त्यांना माहीत होतं. इतके महिने बाहेर पडलेलं सगळं त्यांना ऐकू येत होतं.