ह्यांची आणि माझी

वडिलांना मधुमेह झाला आणि आमच्या पेठेत त्यांचा भाव वधारला. ते हायस्कुलात मराठी व्याकरण शिकवत. व्याकरणाच्या मास्तरांना पोरं घाबरतात, पण मान असा कोणी देत नाही. मधुमेह मात्र त्या काळी सरदारांचा, वकिलांचा, पेढीवाल्यांचा रोग. "मास्तरास्नी साखर झाली," ही बातमी बढती मिळाल्यासारखी फिरली. लोक बघायला येत आणि येताना गुळाची ढेप आणत. उचगावच्या एका सोयऱ्यांनी काकवीचा डबा आणला आणि वर सांगितलं, "साखर न्हवं ही. चालतंय की."

पुढं आईलाही साखर निघाली. ती बातमी कुठंच फिरली नाही. आईनंच ती घरात अशी सांगितली, की जणू डाळीत खडे निघालेत.

आमचे डॉक्टर जुने आणि मायाळू, पण त्यांना सिद्धांत मांडायची भारी हौस. दर महिन्याला दोघांची लघवी बाटल्यांतून दवाखान्यात न्यायची. कंपाउंडर ती निळ्या औषधात उकळून साखर बघे. मग दुसऱ्या नळीत नुसतीच तापवून तीत आम्लाचे थेंब टाकी. ती नासलेल्या दुधासारखी पांढरी झाली, तर मूत्रपिंडं बिघडायला लागली असं समजायचं. एका महिन्यात वडिलांची नळी पांढरी झाली. आईची स्वच्छ राहिली.

पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात वडिलांची आणखी पांढरी, आईची आणखी स्वच्छ. डॉक्टरांना काही सुचेना इतका आनंद झाला. एकच घर, एकच चूल, एकच रोग आणि मूत्रपिंडं मात्र निराळी! मधुमेह पुरुषाची मूत्रपिंडं खातो आणि बाईची सोडतो, असा त्यांनी सिद्धांत काढला. बाई चुलीपुढं घामाघूम होते, विष तिथंच निघून जातं. पुरुष खुर्चीत बसून चिंता करतो, ती सगळी खाली साठते. गावातल्या इतर डॉक्टरांपुढं त्यांनी यावर व्याख्यानही दिलं. आमचे आईवडील त्यात 'एक सुशिक्षित जोडपं' म्हणून होते. वडिलांना त्याचा अभिमान वाटला. आईला 'सुशिक्षित' या शब्दाचं हसू आलं, कारण ती चौथीपर्यंत शिकलेली.

मग वडिलांचं मीठ बंद झालं. कोल्हापूरच्या माणसाचं मीठ बंद करणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. आई त्यांच्यासाठी अळणी खर्डा वाटायची. मिरची तेवढी जहाल आणि चव कशाचीच नाही. वडील एक घास खायचे, डोळ्यांतून पाणी काढायचे आणि म्हणायचे, "हे वाक्य क्रियापदाशिवाय आहे." मी तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. घरी आले की त्यांचं हे ऐकून मला हसू यायचं. राग यायला अजून अवकाश होता.

त्याच वर्षी आईचे पाय सुजायला लागले. संध्याकाळी जोडवी बोटांत रुतायची. सकाळी डोळ्यांखाली फुगवटा असायचा. ती धुणं अर्ध्यावर टाकून पायरीवर बसायची आणि स्वतःवरच चिडायची. "आळस भरलाय मेला अंगात," म्हणायची. ती गडहिंग्लजची. आमच्याकडच्या बऱ्याच बायकांसारखी 'मी येतो, मी जातो' असं बोलायची. वडील जन्मभर तिचं लिंग दुरुस्त करत आले होते. "अगं, मी जाते!" "तुमी कुटं जाताय?" ती विचारायची.

मी डॉक्टरांना सुजेबद्दल विचारलं. त्यांनी आईकडं न बघता माझ्याकडं बघून उत्तर दिलं. "बायकांच्या पायाला सूज यायचीच. उभ्यानं कामं असतात. त्यांची तपासणी एकदम चोख आहे. त्यांची चिंता नको, बाबांकडं बघा." आम्ही बाबांकडं बघितलं. सगळे बाबांकडंच बघत होते.

पुढं डॉक्टरांनी वडिलांना अंथरुणाला खिळवलं. शाळा बंद, जिना बंद, उठणं बंद. अळणी खाऊन ते खरंच गळून गेले होते, त्यामुळं आजारी दिसतही होते. बाटल्या इतके दिवस तेच शाळेत जाताना पिशवीतून न्यायचे. आता आई निघाली. सुजलेल्या पायांनी ती दवाखान्यापर्यंत चालत गेली आणि दोन्ही बाटल्या कंपाउंडरच्या हातात देऊन आली.

दुपारी डॉक्टर स्वतः टांग्यातून आले. मागे कंपाउंडर, हातात बाटल्यांची पिशवी. डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक. मास्तरांची नळी स्वच्छ निघाली होती आणि वहिनींची दह्यासारखी. एका महिन्यात नवऱ्याचा रोग उठून बायकोकडं गेला होता. असं त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

शेजारच्या काकूंना मात्र लगेच उलगडा झाला. "घेतलं की तिनं नवऱ्याचं दुखणं आपल्या अंगावर!" त्या ओरडल्या. बघता बघता वडिलांची खाट होती तो पुढचा सोपा बायकांनी भरला. एकेक जण वाकून आईच्या पाया पडायला लागली. आई "अवो, नको, नको" म्हणत पाय मागं घ्यायची. काकूंनी ते घट्ट धरले. त्यांनी हात काढले तेव्हा पावलांवर त्यांच्या बोटांचे खड्डे तसेच राहिले होते. ते भरून येईनात. बायका त्या खड्ड्यांकडं बघून पुन्हा हात जोडत होत्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी कंपाउंडरच्या हातून पिशवी ओढली. बाटल्यांवर आईच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या खळीनं चिकटवलेल्या होत्या. एकीवर 'ह्यांची'. दुसरीवर 'माझी'. नवऱ्याचं नाव ती तोंडानं घेत नसे, मग कागदावर कुठलं घेणार?

"पहिल्यापासनं ह्याच चिठ्ठ्या?" मी विचारलं.

"व्हय की," कंपाउंडर म्हणाला. "मास्तर बाटल्या द्यायचं. 'माझी' लिवलेली ती मास्तरांची."

"आणि 'ह्यांची'?"

"ती वैनींची. मला वाटलं, मास्तर मोठा माणूस, बायकूलाबी अहोजाहो करतोय. मी घरात सांगिटलंबी, शिका म्हटलं जरा." तो बिचारा खरंच कौतुकानं बोलत होता. "आज वैनी सोता आल्या. म्हणाल्या, ही माझी. मग ती त्यांची झाली."

वडील खाटेवर उठून बसले. सर्वनाम कोणाबद्दल आलं आहे हे आधी बघा, असं ते पोरांना छडीच्या टोकाशी उभं करून शिकवत. वर्षभर त्या बाटल्या त्यांनी स्वतः वाहिल्या होत्या आणि लाजेनं एकदाही वाचल्या नव्हत्या. डॉक्टरांचा सिद्धांत सगळा त्या दोन सर्वनामांवर उभा होता. आता म्हणे या रोगात बाई आणि पुरुष यांच्यात खरोखरच काही फरक असतात आणि त्यावर विद्वान अजून भांडतात. भांडोत बापडे. आमच्या घरात फरक एवढाच होता की एकाचं अंथरूण घातलं होतं आणि दुसरी ते रोज झटकत होती.

मला त्या सगळ्यांचा संताप आला, आणि सगळ्यात जास्त त्या गेलेल्या वर्षाचा. निरोगी मूत्रपिंडांचा माणूस वर्षभर अळणी खात होता आणि जिची गळत होती ती त्याच्या पानातलं उरलेलं खाऊन वर लोणच्याची फोड घेत होती. आई त्यानंतर फार जगली नाही. ते वर्ष हातात असतं तर जगली असती का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

त्या दिवशी मात्र त्यांनी मान खाली घालून पहिल्यांदा आईला तपासलं. डोळे पाहिले, पाय दाबून पाहिले. मग रडवेल्या आवाजात म्हणाले, "वहिनी, मूत्रपिंडं तुमची बिघडली आहेत. बरीच. अहो, इतकं होत होतं, तर बोलला का नाहीत?"

मला वाटलं, आई आता कोसळेल. तिनं डॉक्टरांकडं बघितलं, वडिलांकडं बघितलं. तिच्या सुजलेल्या चेहऱ्यावर हळूहळू इतकं मोकळं हसू आलं, की मला तिथं उभं राहवेना.

"म्हंजे," ती म्हणाली, "मी आळशी झालो न्हवतो की!"