शाळेच्या रद्दीतला माफीनामा

धुळ्याहून मी एरंडोलजवळच्या एका शाळेत लिपिक म्हणून आले आणि पहिलंच काम अंगावर पडलं ते रेकॉर्डची खोली रिकामी करायचं. तिथे संगणक बसवायचे होते. जनरल रजिस्टर कायमचं जपायचं, मुदत संपलेल्या बाकी कागदांची यादी करायची आणि ते फाडायचे. शंका आली तर कागदाचा फोटो मॅडमना पाठवून विचारायचं. मॅडम म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या व्हरांड्यात आल्या की कबुतरंसुद्धा रांगेत बसायची.

मदतीला निवृत्त झालेल्या जुन्या लिपिकांना बोलावलं होतं. त्यांना सगळे आबा म्हणत. निम्मे कागद त्यांच्याच हातचे, त्यामुळे फाडण्याआधी प्रत्येक कागद ते मोठ्यानं वाचत. दुपारपर्यंत आमचं एक कपाटही झालं नव्हतं.

मग मुलांच्या माफीनाम्यांचा गठ्ठा निघाला. आबांनी वरचा कागद उचलला आणि वाचायला लागले :

"घंटेवर गांधीलमाशी बसली होती. ती कोणाला चावू नये म्हणून मी तिला सहा दगड मारले. सगळे घंटेला लागले. माशी उडाली, शाळा सुटली. यात माझा दोष अर्धाच आहे. इयत्ता सातवी."

खाली एका मुलीची सही होती. मला हसू आवरेना. आबांना तर उचकीच लागली. इतका सुंदर कागद फाडायचा कसा? मी फोटो काढला, खाली लिहिलं, "ठेवू की फाडू?" आणि पाठवून दिला.

आबा डोळे पुसत म्हणाले, "ताई, हाई पोर कोन शे, माहीत शे का तुले?"

"कोण?"

"आपली मॅडम! माहेरनं नाव शे ते."

मी झटकन फोन उचलला. तेवढ्यात फोन वाजायला लागला. टिंग, टिंग, टिंग. मॅडम एकट्या इतकी उत्तरं कशाला देतील? पाहते तर फोटो मॅडमना गेलाच नव्हता, पालकांच्या ग्रुपवर गेला होता. "ठेवा!" "फाडू नका!" "फ्रेम करा!" आणि त्यांच्यामधोमध कुणीतरी लिहिलं होतं, "अरे, ही तर आपली मॅडम! मी तिच्या वर्गात होतो."

मी घाईघाईनं फोटो काढून टाकायला गेले आणि बोट पडलं ते 'फक्त माझ्यासाठी'वर. झालं! साऱ्या गावाच्या फोनवर तो कागद राहिला, गेला फक्त माझ्या फोनवरून. मला रडायचं होतं, पण आबांची उचकी ऐकून पुन्हा हसूच फुटलं.

दारात मॅडम उभ्या होत्या. हातात फोन.

"मूळ कागद कुठंय?"

मी तो पुढे केला. त्यांनी तो उभ्यानंच वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला.

"सहा नाही," त्या म्हणाल्या, "आठ होते. दोन मी लपवले."

आणि त्या हसायला लागल्या. आबांनीसुद्धा त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. खुर्ची सापडेना म्हणून त्या सरळ गठ्ठ्यावर बसल्या. शेजारच्या वर्गातले गुरुजी खडू हातात घेऊन बघायला आले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फाटकाशी माणसं. कुणी किराणा दुकान बंद करून आलेलं, कुणी केळीच्या बागेतून तसंच चिखलाच्या पायांनी. सगळ्यांचा एकच प्रश्न : "माझापण माफीनामा असंन ना त्याच्यात?"

मॅडमनी तिथल्या तिथे ठरवलं. ज्याचा त्याला कागद दाखवायचा, पण नियम म्हणजे नियम. ज्यानं लिहिला त्यानंच फाडायचा. पहिला त्यांनी स्वतःचा फाडला, चार तुकडे केले आणि पोत्यात टाकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग व्हरांड्यात नुसता धिंगाणा. किराणावाल्या भाऊंनी सातवीत बाकाखाली बेडूक सोडला होता, ते त्यांनी सगळ्यांसमोर वाचलं आणि फाडताना 'डराव' केलं. दोघी नणंद-भावजयींना एकाच दिवशीचे, शब्द न् शब्द सारखे माफीनामे मिळाले. कुणी कुणाचं बघून लिहिलं यावरून त्या इतक्या भांडल्या आणि इतक्या हसल्या की शेवटी कागद आबांनाच फाडावे लागले.

सर्वांत शेवटी केळीवाले एक नाना आले. पाढे न आल्याबद्दल त्यांनी लिहिलेल्या चार ओळी होत्या. खाली त्यांच्या वडिलांचा अंगठा. नाना बराच वेळ त्या अंगठ्याकडे पाहत राहिले. मग कागदाची घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि आमच्याकडे बघितलं.

मॅडमना एकदम खिडकीबाहेरचं निंबाचं झाड बघावंसं वाटलं. आबांनी चष्मा पुसायला घेतला.

मी यादीत त्या कागदापुढे 'नष्ट' असं लिहिलं आणि पुढचा गठ्ठा सोडला.