सुलभाताईच्या जीपमधली चौथी जागा

अन्याय सुलभाताईवर झाला. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधीच्या सोमवारी, सकाळी साडेदहा वाजता, ती कामावर असताना. कोणी केला ते सांगायचं आहे, म्हणूनच लिहायला बसले. तिला जाऊन पाच आठवडे झाले. तिच्या प्रेमळ स्वभावावर लिहिणारे पुष्कळ आहेत. बातमी आली तेव्हा मी गांधीबागेत एका भिंतीवर आमच्या गटाचं पोस्टर चिकटवत होते. हाताला खळ होती. आई रिक्षातून उतरली आणि म्हणाली, "सुलभा गेली वं." धंतोलीच्या दवाखान्यात, काविळीनं. मी विचारलं, "जवळ कोण होतं?" आई म्हणाली, "प्रमिला." खोटं कशाला लिहू... रडू यायच्या आधी मला राग आला. तिथं मी असायला हवी होते.

सुलभाताई आमच्या समोरच्या घरात राहायची. छप्पनच्या धम्मदीक्षेच्या वर्षी ती दहा-बारा वर्षांची होती, आणि आमच्या गल्लीतून सरकारी नोकरीत लागलेली पहिली मुलगी. ट्रंक कॉलच्या बोर्डावर ऑपरेटर. कानाला हेडफोन लावून आठ तास गावांशी बोलायची : छिंदवाडा, पिपरिया, बैतूल, मुलताई. तिनं यातलं एकही गाव पाहिलं नव्हतं, पण तिथल्या ऑपरेटर बायकांचे आवाज, त्यांची बाळंतपणं, सासवा, सगळं तिला तोंडपाठ. लाइनवर खाजगी बोलायचं नाही असा नियम होता; सगळ्याच जणी तो मोडत. अंतर ती मैलांत सांगायचीच नाही. "छिंदवाडा म्हणजे वीस मिनिटं, पिपरिया म्हणजे तासभर," म्हणायची. कॉल लागायला तेवढा वेळ लागायचा. "कॉल लागेपर्यंत तं जीपनं पोचून जाऊ वं आपण!" हे एकदा हसत म्हणाली, आणि त्यातूनच सहलीची कल्पना निघाली.

सात दिवस, भाड्याची जीप, चार बायका. सौसरवरून छिंदवाडा, मग तामिया, पचमढी, उतरताना बैतूल, आणि शेवटी चिखलदरा करून परत. सगळा सातपुडा. दर रविवारी दुपारी तिच्या पलंगावर नकाशा पसरायचा आणि ती आठवडाभर लाइनवर गोळा केलेली माहिती मला सांगायची. तामियाच्या घाटात दहापर्यंत धुकं असतं, म्हणून नाश्ता करूनच निघायचं. अमक्या वळणावर जीप गरम होते, पाण्याचा डबा ठेवायचा. दरी डाव्या हाताला येते, म्हणून ज्यांना भीती वाटते त्यांनी उजवीकडे बसायचं. माझं अक्षर चांगलं, म्हणून डाक बंगल्यांना अर्ज मी लिहायचे, जबाबी कार्डावर. 'आम्ही चार महिला' असं मी पाच बंगल्यांना लिहिलं, आणि लिहिताना दर वेळी चौथी मीच होते.

मग एका रविवारी नावं घालायची वेळ आली. ताईनं सांगितली : सुलभा, विमल, शकुंतला... या दोघी तिच्या जुन्या सोबतिणी. मी पेन थांबवून वाट पाहिली.

"प्रमिला," ती म्हणाली.

प्रमिला म्हणजे जेमतेम वर्षभरापूर्वी बोर्डावर आलेली मुलगी. कधी मोर्चात नाही, सभेत नाही. मेथीचे पराठे आणायची, एवढीच तिची चळवळ.

"अन् मी, ताई?"

"तू कायले? तू जाशील तिथं घोषणा देशील. मले सात दिवस कोणाशीच भांडण नाई पाहिजे वं. नुसतं पाहाचं हाय."

मी प्रमिलाचं नाव लिहिलं. वळणदार अक्षरात, पाच वेळा.

चार बंगल्यांची होकाराची कार्डं आली. पाचवं आलं, त्यावर लिहिलं होतं : खोल्या भरलेल्या आहेत. बंगला कुठला ते सांगत नाही. नावं छापायची माझी खोड काय करते ते पुढे येतंच आहे. त्या गावची ऑपरेटर कुसुम... हे नाव मी बदललंय... लाइनवर ताईला म्हणाली, "दीदी, बंगला तो खाली पड़ा है. साहब बोले, बिना मर्द की औरतें यहाँ क्या करने आ रही हैं?" ताईनं मला हे नक्कल करून, हसत सांगितलं. "दुसऱ्या गावी राहू. एका बंगल्यापायी सात दिवस काहून खराब करायचे?"

तिच्यासाठी विषय संपला. मी त्याच दुपारी पत्रकाचं स्टेन्सिल कापलं. 'चार महिलांचा अपमान!' प्रत्येक शब्द खरा होता. आमच्या गटाचा नियमच होता की साक्षीशिवाय आरोप करायचा नाही, म्हणून साक्षही छापली : तेथील ऑपरेटर भगिनीने आमच्या सुलभाताईंना लाइनवर स्वतः सांगितले आहे की... ताईला मी विचारलं नाही. ती नको म्हणणार हे मला ठाऊक होतं. सोमवारी साडेदहाला तिच्याच कचेरीच्या फाटकात उभी राहून मी ती पत्रकं वाटली, आणि मला फार छान वाटत होतं.

दुपारपर्यंत मेमो निघाला. सरकारी लाइनवर खाजगी संभाषण. रजा रद्द. ताईला बोर्डावरून काढून रेकॉर्डच्या खोलीत बसवलं. कुसुम तात्पुरती होती, तिला घरीच पाठवलं. बंगल्याच्या साहेबाला कोणी एक शब्द विचारला नाही, याची चीड मला आजही येते. पण ताईच्या कचेरीच्या हातात पुरावा मी दिला होता. जीप निघालीच नाही. ताईशिवाय बाकीच्या तिघी जायला तयार नव्हत्या.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. ती सहलीसाठी लोकांकडून मागून आणलेले स्वेटर ज्याचे त्याला द्यायला वेगळे करत होती. मी म्हणाले, "ताई, आपण हे सोडायचं नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे."

"हो. अन् तुया तत्त्वाचं नाव प्रमिला हाय." एक स्वेटर घडी घालून बाजूला ठेवत म्हणाली, "तुले जागा पाहिजे होती तं जागा मागायची होती वं. न्याय काहून मागत बसली?"

तिनं बोलणं तोडलं नाही. सणाला बोलवायची, जेवू घालायची. पण पुन्हा कधी काही लिहून दे म्हणाली नाही. कुणाला दोन ओळी पाठवायच्या असल्या तरी प्रमिला लिहायची, कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात. मला ते कागद फाडावेसे वाटत. रेकॉर्डच्या खोलीत फोन नव्हता. एकदा ताई म्हणाली, "बैतूलवालीच्या पोरीचं लग्न होतं. झालं असंल आता." बस, एवढंच.

शोकसभेत प्रमिला पहिल्या रांगेत हमसून रडत होती आणि मला तिच्या रडण्याचाही हेवा वाटला. तिला रडताना काही लपवायचं नव्हतं. वक्ते म्हणाले, "ताईंच्या सन्मानासाठी ही पोरगी एकटी लढली," आणि माझ्याकडे बोट दाखवलं. सभेला आलेल्या तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून त्या घेतल्या.

त्या परत घ्या. मी ताईसाठी लढले नाही. एका जागेसाठी तिच्याशी लढले आणि तिचे सात दिवस, तिचा बोर्ड, एका अनोळखी बाईची नोकरी घालवली. रस्त्यात भेटलात तर शाबास म्हणू नका. कुसुम कामावर परत लागली का, तिच्यासाठी मी काय केलं, एवढंच विचारा. मी विषय बदलेन, तत्त्वाचं बोलेन, हातात नवं पत्रक देईन. ते घेऊ नका. पुन्हा विचारा.