लिंबागणेशला दाजींना जिवंत करायला

दाजी परत आलेत, अक्काचं लग्न पुन्हा लावायचंय, कन्यादानाला या, असा निरोप बहिणीच्या सासरहून आला. दाजी तमाशाच्या फडाबरोबर गेले ते बारा वर्षं फिरकले नव्हते. शेवटी घरच्यांनी दर्भाचा पुतळा जाळून त्यांचं क्रियाकर्म उरकलं आणि अक्काचं कुंकू पुसलं.

नगरहून बैलगाडीने जाणार असाल तर आष्टीपर्यंत रस्ता बरा आहे, पुढे हाडं खिळखिळी होतात. आष्टीला पिठलं-भाकरी स्वस्त मिळते, पाणी मात्र सोबत ठेवा. आष्टीच्या अलीकडे निजामाच्या हद्दीवरच्या नाक्यावर शिपायाने माझं गाठोडं उसकटलं. शालू बघून म्हणाला, "कुनाचं लगीन?"

"बहिणीचं."

"नवरा कोन?"

"तिचाच."

मग त्याने गाठोडं पुन्हा पहिल्यापासून तपासलं.

बीडला दाजी भेटले. त्यांची जमीन धाकट्या भावाच्या नावावर चढलेली, म्हणून आधी कचेरी गाठली. कारकून उर्दू कागद चाळून म्हणाला, "हे तर फौत झालेत."

"मीच हाय की तो," दाजी म्हणाले.

"असाल. पर मयताचा अर्ज घेता येत न्हाई. वारसाला घिऊन या."

वारस म्हणजे तोच भाऊ. मी कपाळावर हात मारून घेतला.

लिंबागणेशला भटजींची आणखी वेगळी तऱ्हा. नवा जन्म हवा म्हणून त्यांनी मिशाळ दाजींना तूप-पाण्याच्या घंगाळात बसवलं आणि बारसं केलं. दाजी खुशीत होते. "फडात मी रोज मरायचो. शेवटाला देव येऊन उठवायचा. लोक लई टाळ्या वाजवायचे."

मला त्यांचा भयंकर राग आला. इकडे अक्का बारा वर्षं कशी जगली, हे त्यांनी अजून विचारलंही नव्हतं.

अंतरपाट धरला, तरी अक्का चुलीपासून उठेना. भटजी मुहूर्तासाठी ओरडू लागले.

"हे मेले म्हून ठरवलं तवा मला कुनी इचारलं न्हाई," ती म्हणाली. "आता जितं केलं, तवाबी न्हाई. न सांगता गेलते. सालभर हितं राबू द्या, मग बघते."

तिने पूजेच्या ताटातलं कुंकू स्वतःच्या हाताने लावलं आणि भाकरी थापायला बसली. भटजी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

परतीच्या वाटेवर त्याच शिपायाने लग्नाचं विचारलं. मी आपणहून गाठोडं सोडून दाखवलं.

शालू पुन्हा पेटीत गेला. कचेरीत दाजी अजून मेलेलेच आहेत, आणि भावाच्या शेतात नांगर धरतात. अक्का काय ठरवेल, सांगता येत नाही. परवा तिकडचा माणूस आला होता. म्हणाला, कुंकू मात्र ती रोज लावते.