बिघडलेलाच पंखा हवा

घरघरकाकांच्या दुकानात प्लास्टिकची एक खुर्ची होती आणि त्या खुर्चीवर जितके सौदे मोडले, तितके दुसरीकडे कुठे मोडले असतील असं वाटत नाही.

काकांचा धंदाच जगावेगळा. मोठ्या ऑफिसांत कुलूप लावलेली एक थंडगार खोली असते ना, तिथे सर्व्हर नावाची मशीनं चोवीस तास चालू असतात. दिसायला चपट्या लोखंडी पेट्या, उचलायला दोन माणसं लागतात, आणि पोटात सहा-सहा पंखे. चार-पाच वर्षं झाली की ऑफिसवाल्यांना त्यांचा कंटाळा येतो. मग ती भंगारात जातात आणि भंगारातून काकांकडे. काका त्यांना उघडून ब्रशने धूळ झाडतात, डिस्क पुसून कोऱ्या करतात, एकेक सुटा भाग तपासतात आणि हौशी लोकांना विकतात. हो, हौशी लोकांना! कुणी टपाल तिकिटं जमवतं, कुणी मासे पाळतं, तशी ही मंडळी घरात सर्व्हर ठेवतात.

ते घरात नेऊन करतात काय, असं तुम्ही विचाराल. तर घरातल्या घरात एक ऑफिस थाटतात, ज्या ऑफिसात कामाला कुणीच नसतं. दातांच्या एका डॉक्टरने काकांकडून भलंथोरलं मशीन नेलं. त्यावर एके काळी अख्ख्या बँकेचा कारभार चालायचा. याने त्यावर काय चालवलं? बाल्कनीतला दिवा. अंधार पडला की दिवा आपोआप लागायचा. दिव्याचं बटण याच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, पण ते हाताने दाबण्यात कसली आलीय मजा! दुसऱ्या एका पठ्ठ्याने पहिलं बंद पडलं तर असावं म्हणून दुसरं मशीन नेलं आणि त्या दोघांवर लक्ष ठेवायला तिसरं. काकांनी यातल्या कुणालाही कधी वेड्यात काढलं नाही. काढणार कसं, ते स्वतः त्यातलेच.

पूर्वी काका अशाच एका थंड खोलीत मशीनं सांभाळायच्या नोकरीला होते. पुढे ऑफिसने ती खोलीच बंद केली आणि चांगली चालती मशीनं चेचायला निघाली. काकांचं काळीज तुटलं. त्यांनी सरळ टेम्पो बोलावला आणि सगळी घरी आणली. काकूंनी दार उघडलं, टेम्पोकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, यांना झोपवणार कुठे आणि मी झोपायचं कुठे?" आठवड्याभरात काकांनी दुकान भाड्याने घेतलं. आधी तिथे शिंपी बसायचा. त्याचा पुरुषभर उंचीचा आरसा अजून भिंतीवर आहे, आणि सर्व्हर न्यायला आलेला माणूस जाता जाता त्यात स्वतःला न्याहाळतोच.

आता राहिली ती खुर्ची. सर्व्हर म्हणजे आवाज. गल्लीने काकांचं नाव घरघरकाका ठेवलं ते काही उगीच नाही. सुरुवातीला व्हायचं काय, की हौशी माणूस मोठ्या प्रेमाने मशीन घरी न्यायचा आणि दोन दिवसांनी बायको नाहीतर आई ते मशीन आणि त्याला, दोघांनाही परत आणून सोडायची. काकांनी मग नियमच केला. घरच्या माणसाला सोबत आणल्याशिवाय मशीन मिळणार नाही. त्या माणसाने खुर्चीवर बसायचं, शेजारी मशीन चालू, हातात काकूंनी पाठवलेला चहा. चहा संपेपर्यंत टिकला आणि वर "हो" म्हणाला, तरच सौदा पक्का. बहुतेक जण अर्धा कप ठेवून उठायचे. "माझी परवानगी कधी घेतली होती हो तुम्ही?" असं काकू अधूनमधून विचारायच्या, तेव्हा काकांना नेमका एखादा स्क्रू सापडेनासा व्हायचा.

काकांचा दुसरा नियम पहिल्याहून कडक. बिघडलेली वस्तू दुकानाबाहेर जाणार नाही. साधा वाकडा स्क्रूसुद्धा नाही. याच नियमाने एकदा घात केला.

एका दुपारी एक जावईबापू आले. घरातले सगळे फोटो, सगळी बिलं एका मशीनवर ठेवायची असा त्यांचा बेत होता. बायको कामावर होती, आणि तसंही घर सासूबाईंच्या नावावर, म्हणून परवानगीसाठी सासूबाईंनाच घेऊन आले होते. आजी बारीक चणीच्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि चेहरा असा की आता भांडण होणार याबद्दल काकांच्या मनात शंका उरली नाही. त्यातून जावईबापूंनी पसंत केलेल्या मशीनचा एक पंखा आजारी होता. त्याचं बेअरिंग झिजलं होतं. पंखा फिरता फिरता अडखळायचा, मंदावायचा, गप्प व्हायचा. मग मशीन त्याला आतून डिवचायचं, की घर्रर्र करून पुन्हा उठायचा आणि फुस्स करून पुढे चालायचा.

"पंखा बदलून देणार आहे हं मी," काका आधीच म्हणाले. आजींनी ऐकलं नाही. त्या खुर्चीत बसल्या, चहाचा एक घोट घेतला, आणि दुसऱ्या घोटाआधी त्यांची मान कलली. जावईबापू घाबरले. काकांनी वाकून पाहिलं. आजी झोपल्या होत्या. अगदी गाढ, तोंड उघडं टाकून! हाक मारून झाली, कप काढून घेतला, गिऱ्हाइकं आली नि गेली, समोरच्या टायरवाल्याने हातोडा आपटला, पण आजी काही हलल्या नाहीत.

उठल्या तेव्हा उन्हं कलली होती. "किती दिवसांनी झोपले हो मी!" त्या म्हणाल्या आणि चक्क रडायलाच लागल्या.

भानगड अशी होती. आजोबा आयुष्यभर घोरले. साधंसुधं नाही, थांबून थांबून. घर्रर्र, मग शांतता, मग पुन्हा घर्रर्र. डॉक्टर म्हणाले, ही झोप नव्हे, हा आजार आहे, आणि रात्री नाकाला लावायचं श्वासाचं एक यंत्र दिलं. त्या दिवसापासून आजोबा मांजरासारखे गुपचूप झोपायला लागले आणि आजींची झोप उडाली. आवाज नाही म्हणजे माणूस आहे की गेला? उठायचं, दिवा लावायचा, छातीकडे बघायचं, परत पडायचं, परत उठायचं. परवा तर डुलकी लागून गॅसवर दूध करपलं, भांडं जळलं आणि पडद्याने पेट घेता घेता राहिला. मुलगी आता त्यांना स्वयंपाकघरात एकटं सोडत नव्हती.

"हेच मशीन हवं," आजी डोळे पुसत म्हणाल्या. काकांचं मन भरून आलं. या माउलीला उत्तमातलं उत्तम द्यायचं असं त्यांनी ठरवलं. आणि काय केलं असेल या भल्या माणसाने? आजारी पंखा काढून टाकला, नवा कोरा बसवला, तेलपाणी केलं आणि मशीन स्वतः पोचवून आले.

दुसऱ्या दिवशी शटर वर करतात न करतात तोच आजी हजर, मागे आजोबा. "फसवलंत तुम्ही मला!" आजी म्हणाल्या. "हे मशीन घोरत नाही!"

मशीनचा आवाज होत नाही अशी तक्रार काकांनी जन्मात ऐकली नव्हती. आपण काय करून बसलो ते कळलं, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

आजोबांना तर हा सगळा प्रकारच अपमान वाटत होता. उंचेपुरे, मिशीवाले, निवृत्त बसचालक. "मी जिवंत आहे की नाही हे एका पंख्याला विचारायचं?" ते कडाडले. "आणि मेलो तर सकाळी कळेलच की! घाई काय आहे?"

"बघितलंत?" आजी काकांना म्हणाल्या. "असं बोलतात. यांना काय, घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं कधी ऐकू येतं का?"

सुदैवाने काका काही टाकत नसत. बिघडलेल्या पंख्यांचं एक खोकं माळ्यावर होतं, ज्यावरून काकू वर्षानुवर्षं कटकट करत होत्या. पंचाईत ही, की कालचा पंखा काकांनी त्याच खोक्यात टाकला होता आणि वर अजून चार ओंजळी. सगळे काळे, सगळे चौकोनी, सगळे एका आकाराचे. ओळखणार कसा? एकच उपाय उरला. काकांनी टेबलावर वायर काढली, आजींना खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला सांगितले, आणि एकेक पंखा लावायला सुरुवात केली.

"हा नाही. याला सर्दी झालीय."

"हा?"

"छे! हा माझा थोरला दीर."

"बरं, हा ऐका."

"हा घोरत नाही, कुरकुरतोय. जावई असेल." जावईबापू तिथे नव्हते म्हणून बरं.

आजोबा आधी पाठ करून उभे होते. हळूहळू वळले. एक चिरका पंखा किरकिर करायला लागला, तसे ते उसळले, "मी? इतका किरकोळ? काढा तो आधी!" मग स्वतःच खोक्यात हात घालून धडधाकट पंखे निवडायला लागले. एक असा निघाला की टेबल थरथरलं आणि आरसा खिळ्यावर हलला. "हा बघ, हा मी असणार," आजोबा मिशीवरून हात फिरवत म्हणाले.

"तो ट्रॅक्टर आहे," आजी डोळे न उघडता म्हणाल्या.

काकू चहा घेऊन आल्या आणि तिथेच रमल्या. "आमच्या यांच्यासारखा एखादा आहे का बघा," म्हणाल्या. "तेवढा मात्र फेकून द्या." काकांनी ऐकलं नाही असं दाखवलं. टायरवाला दारात येऊन उभा राहिला. दातांचा डॉक्टर सुटा भाग न्यायला आला होता, तो दवाखाना विसरून पंखे पुसून हातात द्यायला लागला. खोक्याचा तळ दिसायला लागला. आणि काकांनी आणखी एक पंखा लावला.

घर्रर्र. फुस्स. शांतता. घर्रर्र.

"हा?" काकांनी विचारलं. आजी काही बोलल्या नाहीत. पुन्हा विचारणार, तोच आजोबांनी त्यांचा हात धरला. "गप्प बसा," ते कुजबुजले. "उठेल ती." मग बराच वेळ ते त्या काळ्या चौकोनी पंख्याकडे बघत राहिले. तो थांबला की त्यांचाही श्वास थांबत होता. "असा घोरायचो मी?" त्यांनी हळूच विचारलं.

आजी उठल्यावर काकांनी त्यांच्या घरी जाऊन तो पंखा मशीनमध्ये परत बसवला. बसवताना हात मागे येत होता. उभ्या आयुष्यात जाणूनबुजून बिघडलेली वस्तू त्यांनी कुणाला दिली नव्हती. "आजी, खरं सांगतो," ते म्हणाले, "हा फार दिवसांचा सोबती नाही. बेअरिंग संपलंय. मध्येच एकदा थांबेल तो कायमचा, आणि सांगून थांबणार नाही."

"थांबला तर उठून बघेन," आजी म्हणाल्या. "नाहीतरी तेच करत होते की."

मशीन आजी-आजोबांच्या खोलीत पलंगाशेजारीच राहिलं. जावईबापूंनी आपल्या सर्व्हरसाठी काय काय स्वप्नं पाहिली होती, पण आता मशीनला हात लावायचा तर दार वाजवून, सासूबाई जाग्या आहेत याची खात्री करून. आजींच्या डोळ्यांखालची वर्तुळं गेली, मुलीने स्वयंपाकघर परत त्यांच्या ताब्यात दिलं. काका मात्र बेचैन. तो पंखा थांबेल त्या रात्री त्या माउलीचं काय होईल, ही धास्ती त्यांनी घेतली होती. त्याच्याच तोडीचा आजारी पंखा शोधायचा म्हणून ते भंगारवाल्यांकडे चांगले पंखे बाजूला सारत होते. सगळ्या भंगारबाजारात बातमी पसरली की घरघरकाकांना लागलं वेड. अखेर मिळाला एक, थोडा जाड आवाजाचा, पण थांबणं अगदी तसंच. काकांनी तो फडक्यात गुंडाळून गल्ल्याशेजारी ठेवला आणि आजोबांना तसं सांगून ठेवलं.

काही महिने असेच गेले. एका सकाळी काका दुकानापाशी आले, तर बंद शटरसमोर आजोबा एकटेच उभे. केस विस्कटलेले, डोळे लाल, आणि एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात आजींची. काकांच्या हातातल्या किल्ल्या खाली पडल्या.

"पंखा थांबला," आजोबा म्हणाले.

"आणि आजी?" काकांनी विचारलं.

"झोपलीय."

"म्हणजे?"

"झोपलीय म्हणजे झोपलीय! ढाराढूर! तिला काही कळलंच नाही." आजोबांनी तोंडावरून हात फिरवला. "मला जाग आली. एकदम गप्प झालं हो सगळं. म्हटलं, हिचा आवाज का नाही येत? मग आठवलं, हिचा आवाज कधी नसतोच. नाकापाशी बोट धरलं, श्वास होता. आडवा झालो, परत वाटलं, बघावं. परत उठलो. दिवा लावला, बंद केला. रात्रभर हेच." ते थांबले. "इतके दिवस ही बाई हे करत होती, काका. रोज."

काकांचा जीव भांड्यात पडला. हसू आलं, आणि अशा वेळी काय बोलावं ते न सुचून त्यांच्या तोंडून भलतंच गेलं. "पण आजोबा, सकाळी कळलंच असतं की. घाई काय होती?"

आजोबा हसले नाहीत. खाली वाकून त्यांनी किल्ल्या उचलल्या आणि काकांच्या हातात ठेवल्या.

"शटर उघडा आधी," ते म्हणाले. "ती उठायच्या आत दुसरा लावायचाय."