खाणीच्या ढिगाऱ्यावरची केराबाई

केराबाई भुतांना पाणी पाजते, असं आमच्या वस्तीत उघड बोललं जायचं. बुडाला भोक पाडलेली मडकी घेऊन ती उन्हं कलली की खाणीवर चढते, तिथं ती पुरते, आणि ज्याच्या नावानं मडकं पुरलं त्याचं महिन्याच्या आत आटोपतं. ही बातमी मीही तिखटमीठ लावून चार घरी पोचवली. शेजारी म्हणून तो मान माझाच होता. आता खरं सांगतो. पाणी भुतांना नव्हतं, करंजाच्या रोपांना होतं.

सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. अक्कलकोटच्या रस्त्याला आमची दगडफोड्यांची वस्ती. खाणीतला चांगला दगड संपल्यावर ठेकेदारानं कपची नि मुरूम खड्ड्यात लोटला, उरला त्याचा वर डोंगर केला आणि निघून गेला. डोंगराच्या पायथ्याशी आमच्या झोपड्या. त्याआधीच्या पावसाळ्यात त्याचा एक लचका भिजून सुटला, तो थेट केराबाईच्या घरावर. सून शरणम्मा भाकरी थापत होती. उकरून काढली तेव्हा तिच्या बोटांना पीठ तसंच होतं.

पुन्हा पाऊस यायच्या आत ढिगारा मुळांनी बांधायचा, एवढंच मग केराबाईनं मनात धरलं. ओढ्याचा गाळ पाटीपाटीनं वर नेला, आळी भरली, करंज आणि निरगुडी लावली. मुरुमात वरून ओतलेलं पाणी ठरत नाही. म्हणून रोपाशेजारी मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भोकात चिंधी कोंबायची आणि खाणीच्या डबक्यातलं पाणी भरून ठेवायचं. ते मुळाशी आपलं झिरपत राहतं.

"काय केराबाई, आज कुणाचा नंबर?" मी कुडाआडून विचारायचो.

"तुजाच हुता, ईरप्पा," ती खोकत म्हणायची. जन्मभर दगडाची भुकटी खाल्लेल्यांचा खोकला तो. "पर मडकं ल्हान पडलं. तुजं त्वांड लई मोटं."

चैत्रात पटकी आली. रोज कुणी ना कुणी उचलावं लागे. वस्तीचा पंच धोंडप्पा म्हणाला, "भोकाचं मडकं चितेभवती फिरवायचं असतं. ह्या बाईनं ते जित्या मानसांच्या डोक्यावर पुरलंय." बाप्ये काठ्या घेऊन वर गेले. मी गेलो नाही. त्यात माझा चांगुलपणा काही नाही, मीच जुलाबांनी आडवा होतो. त्यांनी डावीकडची सगळी मडकी फोडली. उजवीकडच्या मडक्यांपुढं केराबाई आडवी पडून राहिली. धोंडप्पानं काठी उगारली, पण बाईवर टाकली नाही.

डावीकडची रोपं वैशाखात जळून गेली. फुटक्या मडक्यांसारखीच पटकीही संपली, म्हणून लोक खूश.

मग आषाढात तीच उघडी डावी बाजू रातोरात भिजून खाली बसली. धोंडप्पाची आई शेळ्या सोडवायला गेली होती. ना ती सापडली, ना शेळ्या. उजवी बाजू मात्र रोपांसकट जागेवर राहिली, आणि तिच्या खाली होतो आम्ही उरलेले सगळे.

त्यानंतर मडक्यांना कुणी हात लावला नाही. पाण्याची घागर उचलायलाही कुणी हात लावला नाही, हेही सांगायला हवं. केराबाई एकटीच चढायची. दर वळणावर बसायची, थुंकायची, पुन्हा उठायची. थुंकीत आता लाल दिसायचं.

दुसरा उन्हाळा तापला आणि शहरात मार्शल लॉ लागला, त्याच सुमारास तिनं पाणी तोडलं. भर उन्हात मडकी उपटून बाजूला रचायला लागली.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो. त्या उन्हात निम्मी रोपं गेली, निम्मी तगली. पावसात ढिगारा चुळबुळला, पण सुटला नाही. केराबाई तोवर नव्हती.

त्या दिवशी मात्र धोंडप्पा धावत वर आला. मागोमाग मीही, अशी मजा कोण सोडतो!

"डोकं फिरलं का गं तुजं?" धोंडप्पा ओरडला. "ऐन उन्हात पानी तोडतीस? समदी मरतील की! मग आमच्यावर हा डोंगर यील!"

केराबाई एका मडक्यावर बसली. धाप बसेपर्यंत थांबली. मग म्हणाली,

"मी मेल्यावर तुमी घालनार हाय व्हय पानी? मग माज्या डोळ्यांदेखत तहान सोसाया शिकू द्या की त्यास्नी."