मेलितोनामावशीची मागची भिंत

आमच्या उर्कोपाम्पा गावात सुतारपक्षी आहे, पण झाड एकही नाही. एवढ्या उंचीवर यायची झाडाची छातीच होत नाही. इथे फक्त गवत, धोंडे आणि वारा. मग या सुताराने करावं काय? त्याने मुकाट्याने धंदा बदलला आणि जमिनीवर उतरला. आम्ही त्याला 'पितो' म्हणतो. दिवसभर तो गवतात टुणटुण फिरतो, मधेच लांब चोच मातीत खुपसतो आणि मुंग्या नि अळ्या जिभेने ओढून खातो. त्यांच्यातला एकजण मोठ्या धोंड्यावर पहाऱ्याला असतो. माणूस दिसला रे दिसला की असा किंचाळतो, जणू आपण त्याच्या मुंग्या चोरायला आलो आहोत. नराच्या गालावर लाल मिशी, मादीच्या गालावर करडी. हसू नका, माझ्या आत्यालाही होती, आणि हसायची कुणाची हिंमत नव्हती.

घर मात्र त्याला उभ्या मातीत लागतं. दरडीत हातभर खोल बोगदा खणायचा आणि आत अंडी घालायची. दरड नसली तर माणसाच्या घराची कच्च्या विटांची भिंत आहेच.

अशाच एका जोडीला मेलितोनामावशीची मागची भिंत पसंत पडली.

मावशी गावापासून बरीच वर, आपल्या लोकरवाल्या अल्पाकांबरोबर एकटी राहायची. नवरा सातुर्निनो गेल्यापासून तिने गावात येणं सोडलं होतं. आमच्याकडे सगळी कामं सावडीने चालतात: आज तू माझ्या भिंतीला ये, उद्या मी तुझ्या बटाट्यांना येतो. बोलवायचं तर दारात जाऊन चघळायला मूठभर कोकाची पानं द्यायची. न बोलावता कुणी कुणाच्या कामाला जात नाही. मावशीच्या घरात चार हातांचे दोनच उरले. फेड जमणार नाही म्हणून ती बोलवेना, आणि ती बोलवेना म्हणून कुणी जाईना.

फक्त भाचा फाउस्तिनो अधूनमधून मीठ-साखर घेऊन वर चढायचा. त्याने भिंत पाहिली.

"मावशी, ही भिंत आहे की चाळण?"

"राहू दे रे. दोनच तर आहेत."

"पक्षी दोन, भोकं पाच! पावसात ही बसणार. मग खाली माझ्याकडे राहायला यायचं, सांगून ठेवतो."

"तुझ्याकडे? तुझी बायको झोपेतसुद्धा बोलते."

"आणि तू जागेपणीसुद्धा बोलत नाहीस!"

तो गेला, आणि मावशी घाबरली. त्या घराची वीट न् वीट तिने आणि सातुर्निनोने पायांनी चिखल तुडवून पाडली होती. ते सोडून ती कुठेही जाणार नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने चिखलात गवत कालवलं. एक पितो धोंड्यावर बसलेला दिसला. दुसराही गवतात असेल, असं समजून तिने पाचही भोकं लिंपली आणि वर दगडाने ठोकली.

इथेच ती चुकली. अंडी असताना पितो दोघं एकदम बाहेर पडत नाहीत. एक चरतो तेव्हा दुसरा आत बसतो.

संध्याकाळी ती अल्पाका घेऊन परतली, तर एक पक्षी भिंतीला चिकटून लिंपणावर चोच आपटत होता. करड्या मिशीचा. लाल मिशीवाला कुठेच नव्हता. तिने भिंतीला कान लावला. आतून अगदी हळू खरवडल्याचा आवाज आला.

"अगं बाई!" म्हणत तिने बटाटे खणायचा पायनांगर उचलला आणि भोकाच्या जरा बाजूला घाव घातला, अंडी फुटू नयेत म्हणून. एक वीट पडली. मग तीन पडल्या. आतून चिखलाने माखलेला नर सुटला आणि तिलाच शिव्या घालत उडून गेला.

अंडी शाबूत होती. भिंतीची मात्र खिडकी झाली होती.

तिथे तिने आतून सातुर्निनोचं घोंगडं टांगलं. पिल्लं झाली. ती घोंगड्यापलीकडे भुकेने ओरडायची, आणि ही चुलीपाशी बसून म्हणायची, "आली रे, आली तुमची आई." दिवसभरात तिच्या तोंडून निघणारे शब्द तेवढेच.

पिल्लं उडाली. पक्षीच ते, मागे वळून कशाला पाहतील? डिसेंबरात आमच्याकडचा पाऊस लागला आणि भिंत खरोखरच बसली. फाउस्तिनो न्यायला गेला, तर मावशी स्वयंपाकाच्या खोपटात पाळलेल्या गिनीपिगांशेजारी अंथरूण घालून बसलेली.

"चल आता."

"हे छप्पर अजून उभं आहे. तू जा."

सगळा पावसाळा तिने तिथेच काढला. गिनीपिग कुजबुजतात खूप, पण माणसाशी नाही.

मे महिन्यात, पाऊस सरून विटा पाडायचे दिवस आले तेव्हा, माझ्या दारात ती उभी राहिली. मुठीत कोकाची पानं. वारा तोंडावर येत होता तरी ती आत काही येईना.

"भिंत घालायची आहे," ती म्हणाली. "तुझ्या बटाट्यांना मात्र दोनच हात येतील."

"तेवढेच पुरेत, मावशी. चार आले असते तर जेवायला कुणी घातलं असतं?"

ती हसली नाही. मी पानं घेतली, तशी ती शेजारच्या घराकडे वळली. तिथला कुत्रा तिला पार विसरला होता. तो भुंकत सुटला. ती जागची हलली नाही. दार उघडेपर्यंत मूठ पुढे धरून तशीच उभी राहिली.